आईची पाककृती, नागपूरचं पाणी: रोजचा स्वयंपाक नव्यानं शिकणाऱ्यांसाठी

२०१७ च्या जूनमध्ये मी नोकरीसाठी चिपळूणहून नागपुरात आलो आणि त्रिमूर्तीनगरात एक खोली-स्वयंपाकघर भाड्यानं घेतलं. पहिल्याच रविवारी आईला फोन लावून आमटी विचारून घेतली. ती म्हणाली, "दोन चमचे तिखट घाल." कोपऱ्यावरच्या दुकानातून पाव किलो सुटं तिखट आणलेलं होतंच, त्यातलं दोन चमचे घातलं. पहिल्या घासाला कानातून वाफा आल्या. आईच्या डब्यात बेडगी मिरचीचं तिखट असतं, मी आणलेलं त्याहून कितीतरी जहाल भिवापुरी मिरचीचं होतं. शिवाय तिचा चमचा मिसळणाच्या डब्यातला इवलासा, आणि माझा पोहे खायचा. शेजारच्या काकूंनी आमटीचा रंग बघितला आणि म्हणाल्या, "बाप्पा! एवढं तिखट तर आमी बी खात नाई."

त्यानंतर दोनेक वर्षं मी असंच चुकत-माकत शिकलो. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी नागपुरात येऊन पहिल्यांदाच स्वतःपुरतं रांधणाऱ्यांसाठी हे लिहितोय. यात पाककृती फारशा नाहीत. दुसऱ्याच्या घरची पाककृती आपल्या गॅसवर कशी बसवायची, तेवढंच आहे.

आधी हे जवळ हवं

- एक वही आणि पेन्सिल. मोबाइलमध्ये लिहू नका, कणकेच्या हातानं स्क्रीन चालत नाही.
- एक स्टीलची वाटी आणि एक चहाचा चमचा. हे दोन्ही मोजण्यासाठी कायमचे बाजूला काढलेले.
- ग्रॅममध्ये मोजणारा छोटा डिजिटल काटा. चैन वाटेल, पण बिघडलेल्या चार भाज्यांत त्याचे पैसे निघतात.
- तीन लिटरचा कुकर, एक छोटी जाड बुडाची कढई, लोखंडी तवा, दोन गंज (इथे पातेल्याला गंज म्हणतात) आणि एक सराटा, म्हणजे उलथणं.
- मिसळणाचा डबा. सात वाट्यांतल्या पाच भरल्या तरी पुरे: मोहरी, जिरं, हळद, तिखट, धणेपूड. हिंगाची डबी वेगळी.
- गॅस. घरमालकाचा नसेल तर ओळखपत्र दाखवून ५ किलोचा छोटा सिलिंडर घेता येतो. एकट्याला तो बरा, उचलायलाही सोपा.

नॉनस्टिक भांड्यांचा संच पहिल्या महिन्यात घेऊ नका. मी घेतला होता, त्यातली दोन भांडी अजून खोक्यात आहेत.

१. घरचं पाणी ओळखा

हे कुणीच सांगत नाही, म्हणून पहिलं सांगतो. नळाला येणारं पाणी पेंच आणि कन्हानचं, त्याचा त्रास नाही. पण बऱ्याच इमारतींत टाकीत बोअरचं पाणी मिसळलेलं असतं आणि ते जड, म्हणजे क्षारांचं, असतं. जड पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही. चार शिट्ट्या झाल्या तरी डाळ वेगळी, पाणी वेगळं. मी तीन महिने दुकानदाराच्या डाळीला नावं ठेवत होतो.

पारख सोपी आहे. किटलीत किंवा चहाच्या भांड्यात पांढरा थर धरत असेल तर पाणी जड. मग डाळ, छोले, राजमा आरओ फिल्टरच्या पाण्यात भिजवा आणि त्यातच शिजवा. बाकीला नळाचं चालेल. आणि चिंच, टमाटर, आमसूल डाळ शिजल्याशिवाय घालू नका. आंबटानंही डाळ अडून बसते, त्यात जड पाणी असलं तर मग विचारूच नका.

शिट्ट्या मोजायची सवयही सोडा. प्रत्येक कुकरची शिट्टी वेगळी. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करायची आणि घड्याळ लावायचं. अर्धा तास भिजवलेली तूरडाळ माझ्या कुकरमध्ये नऊ मिनिटांत होते. तुमच्याकडे आठ लागतील किंवा बारा, पण एकदा कळलं की ते बदलत नाही.

२. पाककृती विचारायची कशी

"किती घालू?" असं विचारलं की उत्तर येतं, "अंदाजानं." यात कुणी काही लपवत नसतं. हाताला माहीत असतं, तोंडाला नसतं. म्हणून प्रश्न बदला. कोणतं भांडं? आच मोठी की बारीक? कांदा कोणत्या रंगाला आला की पुढचं घालायचं? झाकण ठेवायचं का? आई म्हणते, "खमंग वास सुटेपर्यंत परत." त्यावर मी विचारतो, "वास सुटायच्या आधी कढईत काय दिसतं?" मग ती म्हणते, "कडेनं तेल दिसायला लागतं." हे मला दिसतं, मी तिथे थांबू शकतो.

समोर बसून शिकायची संधी मिळाली तर काटा घेऊन जा. काकूंना मोजायला लावायचं नाही, त्यांचा हात अडखळतो आणि पदार्थही बिघडतो. त्याऐवजी बेसनाचा डबा आधी वजन करून ठेवायचा, त्यांचं झालं की पुन्हा करायचा. फरक म्हणजे त्यांची "दोन मुठी". काकूंची मूठ ३८ ग्रॅमची निघाली, माझी ५२ ची. मी तीन महिने त्यांच्या मुठीनं नव्हे, माझ्या मुठीनं झुणका करत होतो, म्हणून त्याचं ढेकूळ होत होतं.

३. आपली वाटी मोजून ठेवा

काट्यावर रिकामी वाटी ठेवा, शून्य करा आणि काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम तितके मिलिलिटर. माझी वाटी १५० ची आहे. त्यात तांदूळ साधारण १२५ ते १३० ग्रॅम बसतात, तूरडाळ जवळपास तेवढीच, आणि न दाबता भरलेलं बेसन ८० च्या आसपास. हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढे कुणी "एक कप" म्हटलं की आपल्या वाटीत उतरवता येतं.

मिठाचा एक ठोकताळा फार कामाचा आहे. शिजून तयार होणाऱ्या पदार्थाच्या वजनाच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास मीठ. अर्धा किलो भाजीला ५ ग्रॅम, म्हणजे बारीक मिठाचा चहाचा सपाट चमचा. खडे मीठ त्याच चमच्यात कमी बसतं, तेवढं ध्यानात ठेवा.

४. बाजारात जायच्या आधी शब्द

भाजीसाठी गोकुळपेठ किंवा खामल्याचा बाजार, जरा जास्त घ्यायची असेल तर सकाळी कॉटन मार्केट, आणि मसाले-धान्यासाठी महिन्यातून एकदा इतवारी. भाव कुठेही करा, पण नावं तिथली वापरा, नाहीतर भलतंच हातात पडतं.

सांभार म्हणजे कोथिंबीर. काकूंनी "वरून सांभार टाक" म्हटल्यावर मी सांबार मसाल्याचं पाकीट घेऊन आलो होतो. हा विनोद इथे येणाऱ्या प्रत्येकाच्या बाबतीत एकदा होतो, तुमचाही होईल. फल्ली म्हणजे शेंगदाणे, अद्रक म्हणजे आलं, बरबटी म्हणजे चवळीच्या शेंगा, चून म्हणजे पिठलं. सगळ्यात फसवा शब्द कोहळं. आमच्या कोकणात कोहळा पांढरा, सांडग्यांचा. इथे कोहळं म्हणजे लाल भोपळा. मी कोहळ्याच्या सांडग्यांची पाककृती वाचून घरी लाल भोपळा आणला आणि अर्धा दिवस तो किसत बसलो.

ढेमसं (टिंडा) पहिल्यांदा पाहाल तेव्हा घ्याच. कोवळं, हिरवं, मुठीत मावेल एवढं. पिकलेलं घेतलंत तर बियाच चावत बसाल.

तांदळाचं वेगळं सांगायला हवं. इथे भंडारा-गोंदियाकडचा तांदूळ येतो. रोजच्या भाताला बहुतेक घरी एचएमटी असतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतात निवड करत करत काढलेलं हे वाण, आणि नाव मनगटी घड्याळाच्या कंपनीवरून पडलेलं. दुकानात विचारायचं ते एवढंच: नवा की जुना? हिवाळ्यात नवा तांदूळ येतो, त्याला पाणी कमी लागतं, नाहीतर गिचका होतो. एका वाटीला नव्याला पावणेदोन वाट्या, जुन्याला सव्वादोन. पोतं बदललं की हे पुन्हा करून बघा.

५. पहिल्यांदा जसंच्या तसं, नंतर एका वेळी एकच बदल

सगळं लिहिलंय ते या पायरीसाठी.

नवी पाककृती हातात आली की आपल्याला लगेच शहाणपण सुचतं. तेल कमी करू, लसूण वाढवू, बेसनाऐवजी मूगडाळ घेऊ. मग पदार्थ फसतो आणि कशानं फसला ते कळत नाही. पहिली खेप मुकाट्यानं सांगितल्याप्रमाणे करा, आवडत नसलेली वस्तूही घाला. दुसऱ्या खेपेला एक गोष्ट बदला, एकच. आणि जेवण झाल्या झाल्या लिहा, ताट उचलायच्या आधी. उद्या लिहू म्हटलं की "छान झालं" यापलीकडे काही आठवत नाही.

माझ्या वहीतलं गोळाभाताचं पान जसंच्या तसं देतो. गोळाभात हा एकट्या माणसासाठी इथला सगळ्यात सोयीचा पदार्थ. एकाच गंजात भात आणि भाजी दोन्ही, वरून फोडणीचं गरम तेल.

पहिली खेप: तांदूळ १ वाटी, पाणी सव्वादोन. दुकानातलं बारीक बेसन १ वाटी, हळद, तिखट, मीठ, जिरं, पाण्यात मळून आठ गोळे. तांदूळ टाकला तेव्हाच गोळे सोडले. गोळे विरघळले. भाताचं पिठलं झालं. खाल्लं.

दुसरी खेप: सगळं तेच. गोळे फक्त उशिरा, भातातलं पाणी वरून दिसेनासं झालं आणि भोकं पडायला लागली तेव्हा. गोळे टिकले. पण आत घट्ट, दगड. एक कुत्र्याला घातला, त्यानं हुंगून सोडला.

तिसरी खेप: बेसनाऐवजी चक्कीवरून हरभरा डाळीचा भरडा आणला. बाकी तेच. गोळे बरे, हातानं कुस्करता येतात, पण कोरडे.

चौथी खेप: भरड्यात दोन चमचे कडकडीत तेलाचं मोहन. झाकण घट्ट, आच एकदम बारीक, बारा मिनिटं. जमलं. वरून दोन चमचे तेलात मोहरी, हिंग, दोन सुक्या मिरच्या. काकूंना वाटीभर दिला, रिकामी वाटी परत आली.

तिसऱ्या खेपेलाच भरडा आणि मोहन दोन्ही एकदम बदलले असते तर एक खेप वाचली असती, हे खरं. पण मग दगड कशामुळे होत होते ते समजलं नसतं. ते समजलं म्हणून पुढे मुठिया आणि कढीतले गोळे पहिल्याच खेपेला जमले.

६. नसलेल्या वस्तूच्या जागी काय

घरच्या पदार्थातली एखादी वस्तू इथे मिळत नाही, किंवा मिळते पण परवडत नाही. तेव्हा ती वस्तू पदार्थात काय काम करत होती ते आधी बघा. मिरचीचंच घ्या. ती तिखटपणा देते आणि रंग देते. भिवापूर हे नागपूर जिल्ह्यातलंच तालुक्याचं गाव, तिथल्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, आणि ती तिखट आहे. बेडगीच्या पाककृतीत ती घालायची तर पाव हिश्शानं सुरुवात करा. मग रंग फिका पडतो. त्यावर माझा तोडगा असा की इतवारीतून दोन्ही आणायच्या: रंगाला तीन भाग बेडगी, तिखटाला एक भाग भिवापुरी. हळदीचंही तेच. वर्धा जिल्ह्यातल्या वायगावची हळद गडद असते, आईच्या मापानं घातली तर वरण केशरी दिसतं.

ओलं खोबरं. कोकणात ते परसातलं, इथे विकतचं, आणि नारळ कसा निघेल त्याचा नेम नाही. इथला रस्सा सुक्या खोबऱ्याचा, भाजून वाटलेला, सोबत खसखस आणि भाजलेला कांदा. ओल्या खोबऱ्याच्या आमटीत सुकं भाजून घातलं तर ती आमटी राहत नाही, रस्सा होतो. न भाजता किसून वीस मिनिटं गरम पाण्यात भिजवून वाटलं तर जवळपास जाते. फल्लीच्या कुटानं दाटपणा येतो, चव वेगळी लागते पण चांगली लागते. जवस मात्र चटणीतच ठेवा. रश्श्यात घातलं की चिकट तार सुटते.

आमसुलं मिळतात, पण खडखडीत वाळलेली. पाव तास कोमट पाण्यात भिजवून पाण्यासकट घाला. नसतीलच तर चार आमसुलांच्या जागी सुपारीएवढी चिंच, आणि ती घातल्यावर पाच मिनिटं उकळी, नाहीतर कच्चट वास राहतो.

गुळाबद्दल एक सांगतो. आम्ही आमटीत खडा टाकतोच. काकूंनी चाखलं आणि म्हणाल्या, "काय रे बाबू, वरण करून राह्यला का पुरण?" तेव्हापासून त्यांच्यासाठी वाटीभर आधी काढून ठेवतो आणि मग माझ्यात गूळ घालतो. पाहुण्यांचं असंच करावं. तिखट आणि गोड दोन्ही शेवटी.

तिरफळं घालून करायचं बांगड्याचं तिखलं मी इथल्या रोहूवर करून पाहिलं. नका करू.

७. पाच जणांचं एकट्यासाठी करताना

निम्मं, पाव असं सरळ भागून चालत नाही. फोडणीला तेल पाव केलं तर मोहरी तडतडायच्या आधी जळते, कारण ती तेलात बुडतच नाही. एकट्याच्या भाजीलाही दोन चहाचे चमचे तेल लागतंच. मोठ्या कढईत थोडी भाजी पसरली की पाणी उडून जातं आणि खाली लागते, म्हणून भांडं लहान घ्या. कुकरची वेळ कमी होत नाही. वाटीभर डाळीलाही तेवढीच मिनिटं. उलट, दोघांचं दहा जणांसाठी करताना तिखट-मीठ आधी पाऊणपट घाला आणि चव बघून वाढवा.

रोज नवं करण्याच्या फंदात पडू नका. मी डाळ एकदा शिजवतो आणि दोनदा खातो. आज साधं वरण, उद्या त्यातच पालक घालून फोडणी. झुणका उरला तर दुसऱ्या दिवशी पोळीत भरून. पाटवडी रस्सा, वडाभात (भातावर कुस्करलेले डाळीचे वडे) हे रविवारचे पदार्थ, बुधवारी ऑफिसातून येऊन पाटवड्या थापायला बसलात तर साडेदहाला जेवाल. वड्यांचं वाटण थोडं जास्त करून ठेवलंत तर बुधवारी तव्यावर चपट्या टिक्क्या भाजून भातावर कुस्करता येतात. वडाभात तो नव्हे, पण पोट भरतं.

ज्वारीची भाकरी जमत नसेल तर आधी पिठावर संशय घ्या. जुन्या पिठाची विरी (चिकटपणा) गेलेली असते, कितीही मळा, कडेनं चिरतेच. उन्हाळ्यात आठवड्यापुरतंच दळून आणा आणि उकळत्या पाण्यात भिजवा.

८. मे महिन्याचं वेळापत्रक वेगळं

पाककृतीत लिहिलेलं असतं "रात्रभर ठेवा". रात्र कुठली? पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा इडलीचं पीठ पाच तासांत फुगून भांड्याबाहेर येतं. डिसेंबरच्या थंडीत तेच पीठ पंधरा तास ढिम्म हलत नाही. दही मे महिन्यात तीन-चार तासांत लागतं आणि सहाव्या तासाला आंबट. म्हणून वहीत प्रत्येक आंबवायच्या पदार्थापुढे दोन वेळा लिहा, एक उन्हाळ्याची, एक हिवाळ्याची. थंडीत मी पिठाचं भांडं बंद कुकरमध्ये ठेवतो, खाली वाटीभर गरम पाणी.

शिजलेलं अन्न एरवी दोन तासांत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे, मेमध्ये तासाभरात. भाताच्या बाबतीत हयगय नको. बाहेर राहिलेल्या भातात जे विष तयार होतं ते पुन्हा गरम केल्यानं जात नाही, वास मात्र बरा येत असतो. एका नवतप्यात (मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस) सकाळचा भात संध्याकाळी फोडणी देऊन खाल्ला आणि दोन दिवस कामावर गेलो नाही.

उन्हाळ्यात गॅससमोर पंखा लावता येत नाही, आच विझते, आणि कूलर स्वयंपाकघरापर्यंत पोचत नाही. त्यामुळे फोडण्या सकाळी आठच्या आत. संध्याकाळी काकडी, कांदा, जवसाची चटणी आणि सकाळच्या पोळ्या. चिवळीची भाजी दिसली तर घ्या, दहा मिनिटांत होते. तुरीचे ओले दाणे यायला डिसेंबर उजाडतो, सोलेभाताचं पान तोवर कोरं ठेवा.

९. बिघडलंच तर

तिखट झालं तर गूळ ओतू नका, तिखट-गोड असं तिसरंच काहीतरी होतं. शिजलेली डाळ किंवा उकडलेला आलू घालून पदार्थ वाढवा आणि मीठ पुन्हा बघा. खारट झालं तरी हेच. कणकेचा गोळा टाकून मीठ शोषलं जातं म्हणतात. मी दोनदा वजन करून पाहिलं, गोळा रस्सा पितो आणि उरलेला रस्सा तेवढाच खारट राहतो. करपलं तर ढवळू नका, वरचं अलगद दुसऱ्या गंजात काढा आणि खालचं सोडून द्या. पिठलं पातळ झालं तर वरून कोरडं बेसन भुरभुरू नका, गुठळ्या होतात. चमचाभर बेसन वाटीत पाण्यात कालवून घाला आणि झाकण ठेवून पाच मिनिटं.

आणि वहीत ते पान फाडू नका. काय घातलं, किती वेळ ठेवलं ते तसंच लिहून त्यावर एक फुली मारा. माझी पहिली आमटी अजून आहे: "तिखट २ चमचे (पोह्याचा). फुली." शेजारी काकूंनी स्वतःच्या हातानं लिहिलंय, "पाव चमचा पुरे हाय."